वाडा वाचवायचाय? हात लावू नका

वाईत, गणपती आळीत किंवा गंगापुरीत, तुमचा वडिलोपार्जित वाडा असेल तर पहिलं पथ्य हे की कौलं चाळू नका. एक कौल सरकलं की थेंब पडतो, आणि थेंबाखाली बादली ठेवता येते. दोन-चार पावसाळ्यांत तुळईचं टोक भिंतीतच कुजेल, मग ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस येईल. नोटीस आली की निम्मं काम झालं. दुरुस्तीचा अर्ज करायचा तर अकरा वारसांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक नेहमी दुबईत असतो.

डागडुजीची फारच हौस असेल तर सिमेंट थोपा. चुना भिजवा, मुरवा, चुन्याच्या घाण्यात मळा, गूळ-बेलफळाचं पाणी घाला, ही थेरं कुणी सांगितलीत? चुन्याची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडून देते. सिमेंट ती ओल आतच कोंडतं. काही वर्षांनी गिलावा पापडासारखा सुटला की गवंडी पुन्हा बोलवा. तेवढीच रोजगारनिर्मिती.

निधी मात्र नीट वापरा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं, तेव्हा कृष्णेचा पूर फाटावा म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. एवढं डोकं आणि एवढा पैसा पाठीमागे, जिथे उद्घाटनाची फीतसुद्धा बांधता येत नाही! ती चूक आपण करायची नाही. आपलं सगळं दर्शनी: कमान, कारंजं, रंगीत दिवे, घाटावर पेव्हर ब्लॉक. गुंतवणूकदार आलाच तर त्याला वाईजवळच्या मेणवलीचा घाट दाखवून तिथे चित्रित झालेल्या सिनेमाची आठवण करून द्या. चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, तिथे आलेली पोर्तुगीज घंटा दाखवायची राहिली तरी चालेल.

मग जुन्या लाकडाचा व्यापारी येईल. तो खांबाला नख लावून बघेल, “वाळवी आहे हो” म्हणेल आणि घनफुटाचा भाव सांगेल. केळफुलाच्या नक्षीचे वेगळे पैसे मागू नका, तो हसतो.

पुढे कधीतरी मुलांना घेऊन पुण्यात एखाद्या ‘वाडा’ थाटाच्या हॉटेलात जेवायला जा. कोपऱ्यातल्या सुरूदार खांबावर, कमरेच्या जरा वर, खिळ्याने ओढलेली रेघ दिसेल. तुमच्या आत्याने तुमची उंची मोजली होती ती. वेटरला सांगून उपयोग नाही, थाळीचा दर तोच राहतो.