गांधीजींच्या स्वाक्षरीच्या तपासणीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आजोबांनी सेवाग्रामला घेतलेली गांधीजींची स्वाक्षरी आमच्या दुकानात चारचौघांत ‘नकली’ ठरवली गेली, तीन आठवडे आणि पाचशे रुपये घेऊनही प्रमाणपत्र नाकारले गेले, आणि तेही ती इंटरनेटवरील नमुन्याशी तंतोतंत जुळत असताना, अशी आपली तक्रार आहे. यातला पहिला भाग पूर्णपणे रास्त आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांची ठेव घेऊन आलेल्या ग्राहकाला इतरांदेखत तो शब्द ऐकावा लागला, याबद्दल दुकानाचा मालक या नात्याने मी आपली मनापासून क्षमा मागतो. शिवाय तो शब्द चुकीचाही होता. नकली म्हटले की कोणीतरी फसवण्यासाठी केलेली असा अर्थ होतो, आणि आपल्या छायाचित्रावर तसे काही आढळलेले नाही.

आढळले ते असे. दहापट भिंगाखाली गांधीजींचा चेहरा जसा बारीक ठिपक्यांचा दिसतो, तशीच खालची ‘मो. क. गांधी’ ही अक्षरेही ठिपक्यांचीच दिसतात. टाकाने किंवा फाउंटनपेनने केलेल्या सहीत शाई कागदाच्या तंतूंत उतरते, एक रेघ दुसरीला छेदते तिथे गडद होते आणि हात उचलताना रेघेचे टोक निमुळते होत जाते. यांपैकी एकही खूण तिथे नाही. म्हणजे सही छायाचित्राबरोबरच छापलेली आहे. त्यातच कागदाची मागची बाजू अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमकते, आणि अशी चमक देणारी द्रव्ये कागदात सर्रास वापरली जाऊ लागली ती 1948 साली गांधीजी गेल्यानंतर.

तंतोतंत जुळणे हेच आमच्या शंकेचे पहिले कारण होते. कोणाचीही सही दोनदा हुबेहूब एकसारखी उतरत नाही. गांधीजी तर गुजराती, देवनागरी, रोमन अशा वेगवेगळ्या लिपींत सही करीत, जवळच्यांना लिहिताना नुसते ‘बापू’ लिहीत आणि उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत. 1909 मध्ये बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ची कितीतरी पाने त्यांनी अशीच लिहिली.

शुल्क तपासणीचे असते, निकालाचे नव्हे, म्हणून ते परत करता येणार नाही. पावतीवर मात्र दहा दिवसांची मुदत लिहिली होती आणि उशीर होत असल्याचे आम्ही आपणांस कळवले नाही, ही आमची चूक आहे.

आजोबांची आठवण यामुळे खोटी ठरत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. स्वाक्षरीसाठी पाच रुपये मोजल्याचे ते सांगत, असे आपण म्हणालात, आणि गांधीजी हरिजन निधीसाठी स्वाक्षरीमागे पाच रुपये घेत, हे सर्वज्ञात आहे. खरी स्वाक्षरी एखाद्या लहान वहीत असावी आणि हे छायाचित्र पुढे कोणीतरी तिच्यासोबत ठेवले असावे, अशी मला दाट शक्यता वाटते. कृपया जुन्या ट्रंका, पोथ्यांचे रुमाल एकदा पाहावेत. वही सापडल्यास तिची तपासणी मी स्वतः, विनाशुल्क आणि आपल्यासमोर करीन. भिंगातून आपणही पाहावे. फक्त तोवर तिला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये आणि ते पान फाडून वेगळे करू नये, कारण आजूबाजूच्या पानांवरील इतरांच्या सह्या आणि तारखा हाच अशा वेळी मोठा पुरावा असतो.