वीस पैशांच्या कमळात सोनं नाहीये

"जुनी नाणी विका, घरबसल्या लखपती व्हा" हा मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. कमळवाले पितळी वीस पैसे म्हणजे सोनं, वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखाला, 1818 चा रामदरबारवाला आणा एक कोटीला, आणि खाली एक मोबाइल नंबर. इतके दिवस मी नुसतं डिलीट करत होतो. पण परवा लोकमान्य नगरातल्या आत्याचा फोन आला, "अरे, माझ्या डब्यातल्या नाण्यांचे साडेचार लाख येतायत, फक्त एनओसीचे साडेआठ हजार भरायचेत, ते फोनवरून कसे पाठवायचे तेवढं सांग." रजिस्ट्रेशनचे 1150 शेजारच्या पोराकडून आधीच पाठवून मोकळी झाली होती. आता मात्र गप्प बसवत नाही.

मी स्वतः शाळेत असल्यापासून चिल्लरमधून नाणी वेचणारा माणूस. इंदूरच्या मल्हारगंजात आमचा किराणावाला संध्याकाळी गल्ला उपडा करून मोजायला बसायचा आणि मी समोर उभा. चौकोनी पाच पैसे, सहा कोनांचे तीन पैसे, लाटालाटांच्या कडेचे दोन आणि दहा पैसे. सालाच्या खाली पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, काहीच नसेल तर कलकत्त्याचं. नेहरूंचं तोंड असलेला 1964 चा रुपया मिळाला की दोन दिवस शाळेत मिरवायचो. या सगळ्या इतक्या वर्षांच्या डब्याची किंमत काढली तर एक बरासा मोबाइलही येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता तो एक कोटीचा आणा. याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. अहो, 1818 म्हटलं की इंदूरच्या माणसाला काय आठवायला पाहिजे? मंदसौरचा तह! महिदपूरला होळकरांची फौज कंपनीकडून हरली 21 डिसेंबर 1817 ला आणि 6 जानेवारी 1818 ला तहावर सह्या झाल्या. त्या वर्षी कंपनी इथे रामदरबार छापत बसली होती का? तेव्हा तिच्या स्वतःच्या रुपयावरही फारसीत दिल्लीच्या शाह आलमचं नाव असायचं, सगळीकडे चालणारं एकसारखं नाणं तिने काढलं ते 1835 मध्ये. हे रामदरबारवाले म्हणजे देवळांच्या बाहेर मिळणारे टोकन, त्यावर कुणीतरी कंपनीचं नाव आणि वाट्टेल ते साल ठोकलंय, 1818 आहे, 1616 सुद्धा आहे. आणि तेच नाणं म्हणे लोहचुंबकासारखं तांदूळ खेचतं म्हणून विदेशातली कंपनी घेते! या तांदळाच्या भानगडीत लोकांनी लाखो घालवलेत भिया, आत्याचे 1150 म्हणजे काहीच नाही.

वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं 2012 चं, श्राइन बोर्डाला 25 वर्षं झाली म्हणून काढलेलं. मला चहाच्या सुट्ट्या पैशात मिळालंय. पुढे.

वीस पैशांचं कमळ 1968 ते 71 चं. पिवळं दिसतं कारण धातूत तांबं जास्त, सोनं औषधालाही नाही. सोन्याची अफवा मात्र जुनीच आहे, आमच्याच घरी लक्ष्मीपूजनाला ही कमळं घासूनपुसून ताटात मांडायचे. त्यामुळे घरोघरी जपून ठेवलेली आहेत, म्हणजेच दुर्मिळ नाहीत. "चलनातून बाद झालं म्हणून भाव वाढला" हेही तसंच. चार आणे आणि त्याखालचं सगळं 30 जून 2011 पासून बाद आहे, मग काय प्रत्येकाच्या माळ्यावर खजिना आहे का?

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागेल. आत्याच्या डब्यात पंचम जॉर्जचा एक रुपया निघाला, तो खरा आहे. 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळाभर, आणि शेकडा 91 च्या वर चांदी. सराफ्यात कुणीही वजन करून चांदीचा भाव देईल. पण तो तिला सासूने दिलेला, चिल्लरमध्ये आलेला नाही, कारण 1940 पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि 1947 ला तर निकेलच झाला. 1939 चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याच्या नकला ढिगाने फिरतात.

आणि ज्या रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारून हे लोक पत्र पाठवतात, तिनेच 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नसतो, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, कुणाला मागायचा अधिकारही दिलेला नाही. हे मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तर म्हणते, "पण पत्रावर अशोकस्तंभ होता रे." अगं, भाजी विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकालाच आधी पैसे देते का? तेव्हा कुठे पटलं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, तक्रारीचा नंबर मिळालाय. कमळं परत देव्हाऱ्यात गेली. त्या माणसाचा मेसेज काल पुन्हा आला होता, एनओसी आता साडेआठ हजारावरून पाचशेवर आलीय.