एकूण किती?

मी व्यवसायाने लेखापरीक्षक आहे. गेली २६ वर्षे लोकांच्या हिशेबवह्यांमध्ये, त्यांना वाटते की कोणाला दिसणार नाहीत अशा ठिकाणी ठेवलेले आकडे शोधून काढून मी पोट भरतो आहे. त्यामुळे कन्येने पदवीसाठी एका खासगी विद्यापीठाची निवड केली आणि त्याची माहितीपुस्तिका "अहो, हे तुमचंच क्षेत्र आहे, एकूण किती लागतील तेवढं सांगा" अशा शब्दांत माझ्या हाती पडली, तेव्हा "तासाभरात सांगतो" असे मी सहज बोलून गेलो. त्या तासाभराला पुढे सात आठवडे लागले, ही गोष्ट माझ्या कार्यालयात अद्याप कोणालाही ठाऊक नाही.

पुस्तिका ६४ पानांची होती. पहिल्या ६० पानांवर हिरवळीवर बसून पुस्तकाकडे पाहत खळखळून हसणारे विद्यार्थी होते. मी स्वतः ज्या विषयांची पुस्तके वाचून उत्तीर्ण झालो, त्यांत एवढे हसण्यासारखे काही आढळल्याचे मला स्मरत नाही. शुल्क ६१व्या पानावर होते. तेथे एकच आकडा ठसठशीत छापलेला होता, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा इतका कमी होता की मी ती आनंदवार्ता तत्काळ स्वयंपाकघरात कळवली. हा आनंद अर्धा तास टिकला. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी होती, ती चांदणी पानाच्या तळाशी पुन्हा उगवली होती, आणि तिच्यापुढे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिले होते की हे शुल्क एका सत्राचे असून ते 'पासून' सुरू होते. वर्षात सत्रे दोन असतात. 'पासून' हा शब्द तर मी कोणत्याही ताळेबंदात आजवर पाहिलेला नाही. कंपनीने नफा अमुक आकड्यापासून पुढे कितीही, असे लिहून दिले असते, तर मी सही केली असती काय?

विद्यापीठाला दूरध्वनी केला, तेव्हा एका अत्यंत गोड आवाजाच्या प्रवेश समुपदेशकाने माझे स्वागत केले. मी विचारले, "चार वर्षांचे एकूण किती?" ते म्हणाले, "सर, तुम्ही याकडे खर्च म्हणून बघूच नका, गुंतवणूक म्हणून बघा." ज्यांच्याकडे पावती नसते, ती मंडळी मला हेच सांगतात, हा माझा २६ वर्षांचा अनुभव आहे. मी प्रश्न पुन्हा विचारला. "ते तुम्ही कोणकोणते पर्याय निवडता त्यावर अवलंबून आहे, सर." मी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्यांनी मला वसतिगृह विभागाकडे, वसतिगृह विभागाने लेखा विभागाकडे आणि लेखा विभागाने पुन्हा त्याच गोड आवाजाकडे सोपवले. तात्पर्य, विद्यापीठातील प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक होता; बेरीज करण्याचे पद मात्र तेथे निर्माणच झालेले नव्हते.

मग मी कोरा तक्ता घेऊन बसलो. मूळ आकडा मी येथे सांगत नाही, कारण तो उच्चारला की आमच्या घरात बराच वेळ कोणी काही बोलत नाही. आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे पहिल्या वर्षाचे शिकवणी शुल्क १०० मानू. त्याखाली प्रवेश शुल्क, नोंदणी शुल्क, विकास शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, परीक्षा, ओळखपत्र आणि विमा अशी रांग लागली आणि तिची बेरीज १५ भरली. या रांगेत माजी विद्यार्थी संघाचे आजीव सभासद शुल्कही होते. मुलगी अजून आजी विद्यार्थिनीसुद्धा झालेली नसताना तिच्या माजी होण्याचे पैसे घेणाऱ्या संस्थेच्या दूरदृष्टीला मी मनोमन नमस्कार केला. (पदवीदान शुल्क आणि त्या दिवशीच्या झग्याचे भाडे मात्र शेवटच्या वर्षी वेगळे घेतले जाते, तेवढा संयम त्यांनी पाळला आहे.)

अनामत रकमेपाशी मी थोडा रेंगाळलो, कारण ती 'परत मिळणारी' होती आणि संपूर्ण पानावर परत मिळणारी अशी ती एकटीच होती. ती चार वर्षांनी, बिनव्याजी आणि मोडतोड वजा करून मिळणार होती. या निमित्ताने मला एका जुन्या वाचनाची आठवण झाली. ज्याचे स्थापनावर्ष परंपरेने १०८८ मानले जाते, त्या इटलीतील बोलोन्याच्या विद्यापीठात मध्ययुगात विद्यार्थ्यांचेच राज्य होते. प्राध्यापकांना पैसे विद्यार्थी देत आणि अनामत रक्कमही प्राध्यापकालाच भरावी लागे. तो उशिरा आला, घंटा झाल्यावरही बोलत राहिला किंवा पुस्तकातील एखादे प्रकरण गाळून पुढे गेला, तर त्याला दंड होई. नियमित व्याख्यानाला पाचसुद्धा श्रोते जमले नाहीत, तर तो गैरहजर होता असे समजून दंड आकारला जाई. हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितले. "मग पुढे काय बिघडलं?" असे कन्येने विचारले, त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

वसतिगृह आणि खाणावळ मिळून ४० झाले. खोलीत एक, दोन की तीन विद्यार्थी राहणार, खोली वातानुकूलित की साधी, कपडे धुण्याची सोय आत धरलेली की बाहेर, अशा पर्यायांची उतरंड पाहता विमानाचे तिकीट काढणे हे त्या मानाने सरळ काम वाटले. शिवाय वसतिगृहाचे वर्ष १० महिन्यांचे असते. उरलेल्या २ महिन्यांत प्रशिक्षणासाठी तिला एखाद्या महानगरात राहावे लागले, तर ते भाडे आपले, आणि प्रशिक्षण देणारी संस्था वेतन देईलच असे नाही. ठरावीक क्षमतेचा लॅपटॉप, पुस्तके आणि साहित्य १२, प्रवास ८, वरखर्च १०. चहा, चार्जर, वाढदिवस, आजारपण आणि हरवलेल्या छत्र्या हे सारे या वरखर्चात दडलेले असते. एकूण १८५. ज्या पुस्तिकेने मला ५० सांगून अर्ध्या तासाचा आनंद दिला होता, तिची ही पहिल्या वर्षाची बेरीज होती.

येथे पत्नीने हरकत घेतली. "खाणावळीचे सगळे पैसे काय म्हणून धरता? घरी काय ती हवा खाऊन राहते?" हा मुद्दा इतका बिनतोड होता की तो मला सुचला नाही याची मला लाज वाटली. मुलगी घरी राहिली असती तरी झालाच असता, तो खर्च शिक्षणाच्या माथी मारणे अर्थशास्त्रालाही मान्य नाही. म्हणून मी तिच्या घरच्या खाण्याची वजावट मांडू लागलो. तेव्हा एका माणसाने स्वयंपाक काही कमी होत नाही, फक्त उरतो, असा पत्नीचा पुढचा मुद्दा आला आणि वजावट रद्द झाली. खर्च वाढवणारा आणि खर्च कमी करणारा, असे दोन्ही युक्तिवाद ती एकाच सुरात करू शकते.

चार वर्षांचे शिकवणी शुल्क १०० गुणिले ४ म्हणजे ४००, असे मी लिहिले आणि मग त्या मुंगीच्या पावलांची दुसरी ओळ वाचली. शुल्क दरवर्षी वाढू शकते. वाढ ८ टक्के धरली, तर चार वर्षांचे शुल्क पहिल्या वर्षाच्या चौपट होत नाही, ते सुमारे साडेचारपट होते. दरवर्षीची वाढ आधीच्या वाढीवरही बसते. म्हणजे ४५१. ही वाढ का होते याचे एक उत्तर विल्यम बॉमल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दिले होते. चार वादकांना एखादी रचना वाजवायला पूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो, पण त्यांचे वेतन मात्र इतर क्षेत्रांतल्या वेतनाबरोबर वाढत जाते; शिकवण्याचेही तसेच आहे. हे स्पष्टीकरण मला पटले. जिमखान्याचे शुल्क का वाढते, हे त्याने कळत नाही. एकदाच होणारे खर्च वगळून आणि बाकीचे त्याच दराने वाढवून मी चार वर्षांची बेरीज केली, तेव्हा ती ८०० च्या घरात पोहोचली. मूळ ४०० च्या बरोबर दुप्पट.

याच सुमारास 'हार्दिक अभिनंदन' असे पत्र आले. कन्येला २५ टक्के शिष्यवृत्ती मिळाली होती. घरात जल्लोष झाला आणि मी, माझ्या स्वभावानुसार, भिंग घेऊन खोलीत गेलो. ही सूट फक्त शिकवणी शुल्कावर होती. म्हणजे पहिल्या वर्षाच्या १८५ पैकी २५, साडेतेरा टक्के. पुढच्या वर्षी ती टिकवायची, तर सरासरी श्रेणी एका विशिष्ट पातळीच्या वर राखणे आवश्यक होते. आणि ती राखता आली नाही, तर ८०० मध्ये २५, म्हणजे जेमतेम ३ टक्के. दाराशी २५ टक्के असलेली शिष्यवृत्ती जेवणाच्या टेबलापर्यंत येता येता ३ टक्के झाली. बाहेर जाऊन हे सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

तुलनेसाठी म्हणून, महाग म्हणून पहिल्याच दिवशी नाकारलेल्या दुसऱ्या विद्यापीठाचे पत्र मी पुन्हा काढले. तेथील शुल्क १३० होते, परंतु चारही वर्षे ४० टक्के सूट होती आणि ती निव्वळ उत्तीर्ण होण्यावर टिकणार होती. म्हणजे प्रत्यक्षात ७८. त्याच ८ टक्के वाढीने चार वर्षांचे ३५१. आणि 'स्वस्त' विद्यापीठाचे, शिष्यवृत्ती एकच वर्ष धरली तर, ४२६. छापील किंमत आणि खिशातून जाणारी किंमत या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे भाजीवाल्यापासून सर्वांना ठाऊक असते. ते विसरायला लेखापरीक्षकच व्हावे लागते. अमेरिकेत सरकारी विद्यार्थीसाहाय्य घेणाऱ्या संस्थांना ही निव्वळ किंमत काढून देणारे गणकयंत्र २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागते. हे मी त्या गोड आवाजाला ऐकवले. "फारच छान माहिती आहे, सर," असे म्हणून त्यांनी मला जागा राखण्याचे शुल्क ७२ तासांत भरण्याची आठवण करून दिली. बँकेला कर्ज मंजूर करायला तीन आठवडे हवे होते. या दोन मुदतींच्या मधल्या फटीत माझी एक मुदतठेव अकाली मोडली, आणि तिच्या दंडासाठी तक्त्यात नवी ओळ घालावी लागली.

कर्जाविषयी मी फार लिहिणार नाही. त्याविषयी लिहिताना माझी विनोदबुद्धी साथ देत नाही. एवढेच सांगतो की दरवर्षी २५ याप्रमाणे १०० उचलले, व्याज १० टक्के, शिक्षणानंतर सहा महिने हप्त्यांना सूट. ही सूट हप्त्यांना असते, व्याजाला नसते. पहिल्या हप्त्याच्या दिवशी, व्याजावर व्याज न धरताही, १०० चे १३० झालेले असतात आणि ते १० वर्षांत फेडले की एकूण सुमारे २०६ भरले जातात. मी हे गणित चार वेळा केले. पाचव्यांदा ते कन्येने केले आणि तिचेही २०६ च आले.

त्यानंतर तिने तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. "बाबा, तुम्ही एक खर्च धरलेलाच नाही. ही चार वर्षे मी नोकरी केली असती, तर मिळाला असता तो पगार." माझ्या व्यवसायात न मिळालेल्या पैशांची नोंद होत नाही, असे मी ठासून सांगितले. "अर्थशास्त्रात होते," ती म्हणाली आणि तिने ती ओळ घातली. ती ओळ शिकवणी शुल्कापेक्षा मोठी निघाली. त्याचबरोबर तिने एक जमेचा रकानाही उघडला, त्यात पदवीनंतरचा पगार लिहिला आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढली. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते: 'पासून'.

तक्ता पूर्ण झाला असे समजून मी तो अंतिम तपासणीला घेतला, तेव्हा प्रवासाच्या रकान्यात एक अनोळखी नोंद सापडली. मुलीने घरी येण्याच्या दोन फेऱ्या मी धरल्या होत्या. त्यांच्या खाली पत्नीच्या अक्षरात 'आपण तिला भेटायला जाणे: वर्षाला ६ फेऱ्या, माणसे २' असे लिहिले होते. या नोंदीला कोणताही आधार नव्हता, मंजुरी नव्हती आणि अंदाजाची पद्धतही दिलेली नव्हती. अशा नोंदीभोवती लाल वर्तुळ काढून खुलासा मागवणे हा माझा २६ वर्षांचा शिरस्ता आहे. मी गुणाकार तपासला. तो बरोबर होता. मग मी हिरव्या शाईने बरोबरची खूण केली आणि एकूण पुन्हा काढायला बसलो.