वायव्यास्त्र आणि लायसन

एलएल.बी.चं पहिलं वर्ष मी पास झालो होतो. दुसरं झालो नाही. एवढ्या भांडवलावर गेली बावीस वर्षं मी आमच्या घराण्याचा कायदेशीर सल्लागार आहे. बांधावरचा फणस कोणाचा, सातबाऱ्यावर आत्याचं नाव कसं आलं, असल्या प्रश्नांना मी पुण्यात बसून फोनवर उत्तरं देतो आणि ती बहुतेक चुकतात. पण फी घेत नसल्यामुळे अशील टिकून आहेत.

गेल्या विधानसभेच्या वेळी रत्नागिरीकडच्या काकांचा फोन आला. "आचारसंहिता लागलीय. बंदूकवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्यात. तू ये."

बंदूक म्हणजे आजोबांनी वांदरांसाठी घेतलेली छऱ्याची बंदूक. नळी मोडायची, छर्रा सारायचा, नळी मिटवायची, चाप ओढायचा. आतली स्प्रिंग सुटते, दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा निघतो. म्हणजे पूर्वी निघायचा. हल्ली स्प्रिंगचंही वय झालंय, त्यामुळे 'फट्'च्या जागी 'फुस्स' होतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, म्हणून काका वांदरावर नेम धरतच नाहीत, माडाच्या बुंध्यावर धरतात. वांदर वर बसून हा कार्यक्रम पाहतात.

"जमा फक्त लायसनवाल्यांनी करायच्या असतात हो," मी म्हटलं.

"ते तू तिथे सांग. पोलिस पाटील म्हणाला, बंदूक. माझ्याकडे बंदूक आहे. उगाच म्हातारपणी बेडी नको."

मग मी रात्रभर कायदा वाचला, दुसऱ्या वर्षाला वाचायला हवा होता तसा. शस्त्र अधिनियम, १९५९. अग्निशस्त्राची व्याख्या साधारण अशी, की स्फोटकाच्या किंवा 'इतर प्रकारच्या ऊर्जेच्या' जोरावर काहीही फेकायला बनवलेलं कुठलंही शस्त्र. झालं! हवेची ऊर्जा ही इतर प्रकारचीच. म्हणजे ज्या बंदुकीत औषधाला ठिणगी नाही, तीही अग्निशस्त्र. महाभारतात बरं होतं. आग ओकणारं ते आग्नेयास्त्र, वारा सोडणारं ते वायव्यास्त्र. दोघांचं खातं वेगळं, मंत्र वेगळा. आपल्या कायद्यानं अर्जुनाचा अख्खा भाता एकाच कलमात कोंबलाय.

पण पुढे २०१६ चे शस्त्र नियम येतात आणि म्हणतात की, हवेच्या बंदुकीच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल आणि नळीतून निघताना छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल, तर परवाना नको. थोडक्यात, मोजणीत धरलेली पण पंगतीला न बोलावलेली बंदूक. आमच्याकडे घरजावयाची हीच अवस्था असते.

व्यासाचा प्रश्न सोपा होता. छऱ्यांच्या डबीवर ४.५ लिहिलं होतं. ज्यूलचं काय करायचं? मी दहावीचं भौतिकशास्त्र आठवलं. एक किलोची वस्तू दोन मीटरवरून पडली की साधारण २० ज्यूल होतात. काकांच्या परसात सोलायचा नारळ सहज किलोभर भरतो आणि माड पंधरा मीटर उंच. म्हणजे एका नारळाचे जवळजवळ दीडशे ज्यूल! कायद्याला ज्या ऊर्जेची धास्ती, तिच्या सातपट ऊर्जा आमच्या अंगणात विनापरवाना लटकतेय, तीही घडानं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग माड जमा करू या का?"

सकाळी बंदूक गोणपाटात गुंडाळून आम्ही सहा आसनी रिक्षात बसलो. आत आम्ही दहाजण. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तंबोरा काय?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग आमच्या देवळात एकादशीला या." आलो, असंही सांगितलं. एका बंदुकीपायी माणूस किती खोटं बोलतो!

ठाण्यात काकांनी गोणपाट सोडलं आणि बंदूक टेबलावर ठेवली. अंमलदार खुर्चीतून अर्धे उठले.

"लायसन?"

"नाही," काका ताठ मानेनं म्हणाले.

एकदम शांतता. कोपऱ्यात मोबाइल हरवल्याची तक्रार लिहिणारा मुलगासुद्धा लिहायचा थांबला.

"विनालायसन बंदूक घेऊन ठाण्यात आलात?"

"हवेची आहे हो," मी मध्ये पडलो.

अंमलदार परत बसले. "मग असं सांगा की! हिला लायसन लागत नाही."

"मग जमा करून घ्या," काका म्हणाले.

"लायसनचा नंबर कुठला लिहू? रकाना आहे त्याला."

"मग ही बंदूक नाही, असं लिहून द्या."

"बंदूक नाही असं कसं लिहू? बंदूक तर आहे."

मी व्याख्या सांगितली. अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तुम्ही वकील का?" मी म्हटलं, "एक तृतीयांश." काकांना मात्र बंदुकीचा पाणउतारा सहन झाला नाही. "अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक आणलं, ते हवेच्या रायफलनंच," ते कडाडले. "दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! आणि तुमच्याकडे हिला एक रकाना नाही?"

अंमलदार हसले. बंदूक हातात घेऊन त्यांनी नळी मोडली, आत पाहिलं, नळी मिटवली, बाहेर नेऊन जमिनीकडे धरली आणि चाप ओढला. फुस्स. नळीतून कुंभारीण माशीचं एक वाळकं मातीचं घर तेवढं पडलं.

"काका," ते गंभीरपणे म्हणाले, "ही घरी न्या आणि तेलपाणी करा."

निघताना मी हळूच सांगितलं की, याच कायद्यात चालायची साधी काठी शस्त्रात धरू नये असं चक्क नाव घेऊन लिहिलंय. अंमलदारांनी काकांच्या हातातल्या शिसवी काठीकडे पाहिलं. तिला खाली लोखंडी वेढं होतं. "ती मी बघितलेली नाही," ते म्हणाले.

परतीच्या रिक्षात तंबोरा उघडाच होता. कोणी काही विचारलं नाही.

घरी आलो तर माडावर चार वांदर. काकांनी बंदूक ओटीवर टेकवली आणि काठी उगारून "हाऽऽ" केलं. वरच्यानं आमच्याकडे पाहत एक नारळ सावकाश पिरगाळला आणि सोडून दिला. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर धप्पकन खड्डा पडला.

"दीडशे ज्यूल," मी कसाबसा म्हणालो.

काका वर बघत होते. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "लायसन विचार त्याला."