अँड्रॉइड की आयफोन? आधी माझी गाडी भरू द्या!

फोन बदलायचाय एवढं तोंडातून निघायचा अवकाश, की गल्लीपासून पुण्यापर्यंत सगळे तज्ज्ञ जागे होतात. पुण्यातला भाचा म्हणतो, "मामा, आता तरी आयफोन घ्या, तुमच्या हातात तो फुटका फोन शोभत नाही." चुलतभाऊ म्हणतो, "काय भो, त्या सफरचंदाच्या पैशात म्हैस येते अन् ती दूध तरी देते." मोबाइलवाल्याचं तर विचारूच नका. त्याला फक्त हप्ता कुठला बसतो एवढंच दिसतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला केळीच्या गाड्या भरतो. माझा सगळा धंदा फोनवर. सकाळी बागेत घडाचे फोटो काढून पाठवायचे, दुपारी काट्यावरचं वजन, रात्री ड्रायव्हर बऱ्हाणपूरच्या पुढे गेला का त्याची चौकशी. जुन्या फोनला अपडेट येणं बंद झालं, बँकेचं ॲप रोज डोळे वटारतं, म्हणून नवा घ्यायचाय. हौस नाही, गरज आहे. पण या बाजारात गरजेची वस्तू मिळतच नाही, मिळतात ते दोन पंथ. एकाची दीक्षा घ्या, नाहीतर दुसऱ्याची.

एके काळी नोकिया होता, ब्लॅकबेरी होता, मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन होता. सगळे गेले. उरले दोघं, गुगलचं अँड्रॉइड आणि ॲपलचा आयफोन, आणि त्या दोघांनी आपापल्या वाड्याला असं कुंपण घातलंय की आत शिरायला लाल गालिचा आणि बाहेर पडायला साताऱ्याचा घाट.

आधी आयफोनची गोष्ट. ॲपल स्वतःच लिहितं, की फोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरा. पस्तीस! आमच्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ला टेकतो, आणि कटाई काय पावसाळ्याची वाट बघत थांबत नाही. बरं, बंद करून ठेवायचा म्हटलं तरी वरची मर्यादा ४५चीच. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, हेही वर सांगितलंय. मग ठेवू कुठे, रांजणात? जास्त तापला की चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो, आणि फारच झालं तर मला थंड होऊ द्या म्हणून पाटी लावून बसतो. इथे बाग मालक डोक्यावर उपरणं घेऊन उभा, मजूर घड वाहतायत, आणि फोन विश्रांती घेणार! भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, "एसीत ठेवा ना मामा." बागेत एसी लावतो बाळा, तू बिल भर.

दुसरं सिमचं. आमच्या धंद्यात दोन नंबर लागतातच, एक शेतकऱ्यांचा, एक व्यापाऱ्यांचा. आपल्याकडच्या आयफोनात साधारण एक सिम घालायचं आणि दुसरं ई-सिम, म्हणजे फोनाच्या आतच असलेलं, हातात न येणारं. दिसायला छान. पण बागेत फोन चिखलात पडून मेला तर साधं सिम काढून पोराच्या फोनात घालता येतं. ई-सिम काय नखाने उकरून काढू?

अँड्रॉइडवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. माझ्या आईला घेऊन दिलेला स्वस्तातला फोन बघा. कंपनीचं नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. ती बिचारी लॉक उघडायला बोट फिरवते आणि समोर कुठल्यातरी नटीच्या लग्नाची बातमी उघडते. परत फिरवते, तर क्रिकेटचा खेळ. मामीला फोन लावायचा असतो, अन् तिने न मागितलेली तीन ॲपं नमस्कार करत उभी. काढून टाकू म्हटलं तर काही निघतात, काही नुसती "बंद" होतात, म्हणजे जागा अडवून बसतातच. जबरदस्तीने ॲपं गळ्यात मारण्यासारख्या धोरणांवरूनच आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गुगलला १,३३७ कोटींवर दंड ठोकला होता. त्यातलं आईच्या फोनपर्यंत काय पोचलं? तीच नटी, तेच लग्न.

आणि सात वर्षं अपडेट देऊ असं हल्ली मोठ्या तोंडाने सांगतात ना, गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ला, सॅमसंगने २०२४ मध्ये एस २४ला, ते सगळं महागड्या फोनांचं. तेवढे पैसे मोजायचे तर आयफोन काय वाईट होता? आमच्या खिशाच्या बऱ्याच फोनांना दोन-तीन वर्षं झाली की कंपनीला आपली ओळखही उरत नाही.

आता खरी आग जिथे लागते ते ऐका. केळीचा भाव फोनवर ठरतो. क्विंटलला किती, दांड्याचं वजन कोणी सोसायचं, गाडी भाडं कोणाकडे, सगळं तोंडी. माल तिकडे पोचला की उत्तरेचा व्यापारी म्हणतो, "हमने तो ऐसा बोला ही नहीं." त्यासाठी कॉल रेकॉर्डिंग हवं. पूर्वी कुठलंही ॲप टाकलं की काम व्हायचं. २०२२च्या मे महिन्यात गुगलने प्ले स्टोअरवरच्या तसल्या ॲपांची वाट बंद केली. आता गुगलच्या डायलरमध्ये, म्हणजे फोन लावायच्या ॲपमध्ये, बटण दाबलं की समोरच्याला आधी दवंडी ऐकू जाते, की रेकॉर्डिंग सुरू आहे. आयफोनने तर ही सोय दिलीच २०२४ मध्ये, तीही दवंडीसकट. दवंडी ऐकली की व्यापारी म्हणतो, "भरोसा नहीं क्या?" झाला सौदा! काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये ही दवंडी नसते म्हणतात, पण ते नेमकं कुठल्या मॉडेलमध्ये हे दुकानात विचारलं, तर तो कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगायला लागतो. अरे, मला सेल्फी काढायचीय का घडासोबत?

समजा हेही गिळलं आणि आयफोन घेतलाच. मग व्हॉट्सॲप. माझी उधारी, माझे भाव, वजनाच्या पावत्यांचे फोटो, कोणत्या शेतकऱ्याची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, कधी तयार होणार, सगळं त्यात. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली नक्कल, गुगलकडे जातो, आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउडकडे, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला उघडत नाही. माणसं चंद्रावर गेली, पण माझ्या पावत्या सावद्यातल्या एका फोनातून दुसऱ्या फोनात बॅकअपवरून जाऊ शकत नाहीत. अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा न्यायची अधिकृत सोय आली तीच मुळी २०२२ मध्ये. तीही कशी? आयफोन कोरा हवा, नाहीतर पुसून कोरा करा. दोन्ही फोन चार्जरला लावा. दोन्ही एकाच वायफायवर ठेवा. आणि मग देवाचं नाव घ्या. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम महावितरणलाही नसतो, अन् हे म्हणे चार्जरला लावून ठेवा! उलट दिशेने यायचं तर वायर आणा, नवा फोन आणा, परत पुसा.

हे तंत्रज्ञानाला जमत नाही म्हणून नाही हो. सोडून जाताना माणसाला चार ठिकाणी ठेच लागली पाहिजे, एवढाच हिशेब आहे. जागेचंही तेच. आयक्लाउडवर फुकट ५ जीबी, गुगलकडे १५, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्या १५तच मोजतात. घडांचे फोटो एका हंगामात ती जागा खाऊन टाकतात. मग महिन्याला भाडं. आपलेच फोटो, आपलेच पैसे, आणि वर त्यांचा उपकार!

तर भाच्या, तुझ्या आयफोनला माझा रामराम. अँड्रॉइडच घेणार, मधल्या किमतीचा, दोन साधी सिमं बसणारा, आणि दुकानदाराला उन्हात उभं करून स्क्रीन दिसते का ते बघून. दुकानातच आधी त्याला फोन लावून रेकॉर्डिंगचं बटण दाबणार आहे. दवंडी ऐकू आली तर फोन त्याच्याच काउंटरवर ठेवून पुढच्या दुकानात.