तक्रार मुरवावी कशी

गल्लीच्या तोंडाशी खड्डा पडलाय? अभिनंदन. आता एकच पथ्य पाळा. त्याला हात लावू नका आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका. तुमच्या बिल्डिंगमधली माणसं एरवी लिफ्टमध्ये स्वतःच्या चपलांकडे बघत वर जातात. ती आता बोलू लागतील. "काय हो, अजून तसाच?" एवढ्या भांडवलावर तीन मजले आरामात निघतात. बुजवलेल्या खड्ड्यावर कधी कुणाची ओळख झाल्याचं ऐकलंय का?

सुरुवातीला जरा जपावं लागतं. पहिल्या पावसात खड्डा बशीएवढा असतो, तेव्हा कुणी सज्जन माणूस घमेलंभर माल टाकून तो बुजवण्याचा धोका असतो. एवढे आठ-दहा दिवस निभावून न्या, पुढचं पाणी बघून घेतं. डांबराचं आणि पाण्याचं जुनं वैर. भेगेतून पाणी खाली उतरलं की डांबर खडीला सोडतं, वरून गेलेलं प्रत्येक चाक त्या पाण्याला दाबतं आणि खडी सुटी होऊन बाहेर फेकली जाते. म्हणजे खड्ड्याचं खरं मूळ निचऱ्यात असतं. तेव्हा गटाराच्या जाळीवर निर्माल्याची पिशवी अडकलेली दिसली तर काढू नका. गणपती येईपर्यंत बशीची परात होते. मग त्यात कुणीतरी फुटक्या लाद्या आणि राबिट आणून ओततं. ओतू द्या. दोन पावसांत ते सगळं रस्ताभर पसरतं आणि परातीचं घंगाळ होतं.

आता तक्रार. ती करायचीच, नाहीतर लोक तुम्हाला बेफिकीर म्हणतील. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका, पण रस्त्याची पाटी किंवा दिव्याच्या खांबाचा नंबर त्यात चुकूनही येता कामा नये. खाली लिहा, 'संबंधितांनी लक्ष द्यावे.' हे संबंधित कोण, कुठल्या वॉर्ड ऑफिसात बसतात, जेवायला किती वाजता जातात, याचा शोध अजून लागलेला नाही. म्हणूनच त्यांच्यावर कितीही काम टाकता येतं. मग अकरा जण अंगठे देतील, एकजण 'निषेध!' लिहील आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा, वर काय चाललंय ते न बघता, सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकतील. तक्रार नोंदली गेली, असं समजावं.

महापालिकेच्या ॲपवर मात्र जाऊ नका. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि एकदा क्रमांक मिळाला की तिचा पाठपुरावा करता येतो. तिथूनच सगळं बिघडायला लागतं.

काही प्रश्न तर चुकूनही विचारू नयेत. सगळ्यात वाईट प्रश्न म्हणजे, 'या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपला का?' रस्ता केल्यावर ठरावीक काळात तो उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, अशी अट कंत्राटात असते. हा प्रश्न कागदावर गेला की साहेबांना फाईल काढावी लागते. फाईलला बिचारीला उजेडाची सवय नसते.

माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यायचं असतं. त्यातही आपल्या राज्याने तुमची सोय बघितली आहे. 2012 च्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवायचा. आपल्या ग्रुपवर 150 शब्दांत अजून 'नमस्कार सदस्यहो' संपत नाही, त्यामुळे त्या बाजूने भीती नाही. कोर्टाची बातमी आली तर ती वाचायच्या आधी फॉरवर्ड करा. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2025 मध्ये तर खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये, जखमी झाला तर 50 हजार ते अडीच लाख, अशी भरपाईच ठरवून दिली. आमच्या ग्रुपवर यावर दिवसभर चर्चा झाली. शेवटी एकाने विचारलं, "पाय मुरगळला तर किती?"

नगरसेवकांकडे जायचं असेल तर त्यांच्या वाढदिवसाला जा. रस्ता मागितला की बाकडं मिळतं, पाठीवर 'यांच्या प्रयत्नातून' असं नाव रंगवलेलं. त्यावर बसलं की खड्डा समोरच दिसतो. जागा कुणी निवडली माहीत नाही, पण निवडणाऱ्याला दृष्टी होती.

एक संकट उरतं, वार्षिक सर्वसाधारण सभा. 30 सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते. नोटिशीत ठरलेलं वाक्य असतं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.' जाणकार मंडळी हे वाचून अर्धा तास उशिराच निघतात, म्हणजे सभा तहकूब होण्याची खात्री राहते. खड्ड्याचा विषय निघाला तर चेअरमन सांगतील की तो सोसायटीच्या हद्दीबाहेर आहे. इथे तुम्ही लगेच पार्किंगचा विषय काढा. सव्वा दोन तासांनी सगळे घसा बसून घरी जातात आणि वेफर्स उरतात.

एवढी काळजी घेऊनही घात होतो. आमच्याकडे झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, निवृत्त शिक्षिका, ग्रुपवर कधी अवाक्षर न काढणाऱ्या. त्यांनी एका दुपारी छत्री आडवी धरून खड्ड्याची लांबी मोजली, खांबाचा नंबर कॅलेंडरच्या मागे टिपून घेतला आणि अर्ज दिला. शाळेतल्या अक्षरात, 150 शब्दांच्या आत. महिन्याभरात ठेकेदाराची माणसं आली, कडा चौकोनी कापल्या, आतला गाळ काढला, डांबर ओतलं आणि रोलर फिरवून गेली. चौकोनी कापणं हे चांगल्या कामाचं लक्षण, असं काकूंनीच सांगितलं. ऐकायला आम्ही दोघेच होतो, मी आणि वॉचमन.

ग्रुपवर दोन दिवस सन्नाटा. बोलायचं तरी काय? तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'काकू, पाण्याच्या प्रेशरचंही बघा ना.' मग कुत्री, मग लिफ्टचा आवाज, मग समोरच्या हॉलवरचा लाऊडस्पीकर. रात्री दहानंतर तो वाजवायला बंदी आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. फोन मात्र काकूंनी करायचा. पाचव्या दिवशी चेअरमननी जाहीर केलं, 'यापुढे सर्व बाहेरच्या तक्रारी काकूंकडे द्याव्यात.' संबंधित सापडले एकदाचे!

काकूंनी काल ग्रुप सोडला. खाली चौदा जणांनी जोडलेले हात टाकले. पंधरावा संदेश तळमजल्यावरच्या गाडीवाल्यांचा होता. 'काकूंना कोणीतरी निरोप द्या, तो पॅच जरा उंच झालाय, आमची गाडी घासते.'