हजार मैल आणि एक डबी क्रीम चीज

फायनल फोरला स्वस्तात जायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फायनल फोरमध्ये खेळणं. विमान, हॉटेल, जेवणखाण सगळं आपसूक होतं, खिशात हात घालावा लागत नाही. अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या विभागात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. २०२५ साली त्यातले ६८ मार्चमधल्या स्पर्धेला गेले आणि शेवटी चार उरले; या चौघांची लढत म्हणजे फायनल फोर. तुम्हाला हे जमणार असेल तर वाचण्यात वेळ घालवू नका, सरावाला जा.

जमणार नसेल तर तुम्ही आमच्यातले. या, बसा. जरा सरकून.

पहिलं पथ्य असं की खेळाडू असावं, पण डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे तिसऱ्या विभागातलं. पहाटे सहाचा सराव तोच, गुडघ्यावरची बर्फाची पिशवी तीच, कोचचं ओरडणंही तेच. फक्त खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला इथे नियमानेच बंदी आहे. त्याला ‘खेळावरचं निखळ प्रेम’ म्हणतात. प्रेम निखळ राहावं म्हणून वरच्या लोकांना केवढं सोसावं लागतं, याची तुम्हाला कल्पना नाही. या एका स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा २०३२ पर्यंतचा करार वर्षाला सरासरी १.१ अब्ज डॉलरचा आहे. एवढं ओझं कोवळ्या पोरांच्या खांद्यावर पडू नये म्हणून कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने कित्येक दशकं डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली. जुलै २०२१ पासून मात्र खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातींना विकायची मुभा मिळाली. तुम्हालाही आहे, खुशाल विका. आमच्या सेंटरने, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या आमच्या सगळ्यात उंच गड्याने, विकून पाहिला. गावातल्या एका पिझ्झावाल्याने त्या बदल्यात त्याला एक पिझ्झा दिला, तोही मध्यम आकाराचा.

आम्ही गेलो ते २०२५ साली, सॅन अँटोनियोला. आयोवातल्या आमच्या छोट्या कॉलेजचा सेंटर, पॉइंट गार्ड, बेंचवर बसून हंगाम काढलेला एक फॉरवर्ड, आणि मी. मी खेळाडू नाही. माझ्याकडे गाडी होती.

गाडी नेहमी मित्राचीच असावी. पंचविशीच्या आतल्यांना भाड्याची गाडी घेताना वर जादा आकार भरावा लागतो, शिवाय भाड्याच्या गाडीचा मालक तुमच्या सामानाबरोबर स्वतः येत नाही. मित्र येतो, आणि रात्री दोन वाजता चालवतोही. जाऊ का असं त्याला विचारायचं नसतं, कधी निघायचं तेवढं कळवायचं असतं. मला बुधवारी कळवलं, गुरुवारी पहाटे निघालो.

आता बसण्याची व्यवस्था. सेंटर सहा फूट सात इंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक आहे, पण ही म्हण काढणाऱ्याने सहा फूट सात इंचांचा माणूस छोट्या सेडानमध्ये घडी घालून ठेवलेला पाहिला नसावा. पुढची सीट त्याची, याबद्दल वादच नाही. ती मागे सरकवली की तिच्यामागची जागा भूगोलातून नाहीशी होते. फॉरवर्डला तिथे तिरकं, जवळजवळ पद्मासनात बसवलं. तशी त्याला हंगामभर सवय होतीच. सेंटरचा डावा गुडघा गिअरला टेकायचा. मी गिअर बदलायला हात नेला की तो झोपेतसुद्धा शिस्तीत पाय उचलायचा, आणि आयोवा सुटेपर्यंत आमचं उत्तम जमलं होतं.

अंदाजपत्रक पॉइंट गार्डने करावं. मैदानावर तोच चेंडू वाटतो, तेव्हा खर्चही त्यालाच वाटता येणार. आमच्या गड्याने फोनवर तक्ता केला होता: आय-३५ हायवेने हजार मैल जायचे, हजार यायचे, तीस मैलांना एक गॅलन पेट्रोल धरलं तर इकडेतिकडे फिरणं धरून सत्तरएक गॅलन, गॅलनला तीन डॉलर म्हणजे दोनशेदहा, चौघांत वाटून साडेबावन्न. एवढ्यात सहल जवळजवळ फुकटच वाटायला लागते. हा वाटण्याचा टप्पा फार सुखाचा असतो. इथे जितकं रेंगाळता येईल तितकं रेंगाळा. पुढे टोल लागतो, इंजिन ऑइल लागतं, आणि तक्त्यात जेवणाचा रकाना माणशी धरला होता, तो माणसाच्या वजनावर धरायला हवा होता हे मिसूरीची हद्द लागण्याआधीच कळतं. शेंगदाण्याच्या लोण्याची मोठी बरणी चौघांना चार दिवस पुरेल असा हिशेब होता. सेंटरने ती चमच्याने खायला घेतली तेव्हा मी आरशातून पॉइंट गार्डकडे पाहिलं. तो तक्त्यात काहीतरी खोडत होता.

वाटेत प्रेक्षणीय स्थळं पाहावीत, पण फुकटातली. कॅन्सस सिटीवरून थोडी वाकडी वाट करून लॉरेन्स गाठा. बास्केटबॉल ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ याच गावात पुरलेला आहे. १८९१ च्या डिसेंबरात हिवाळ्यात पोरं आत कोंडून वैतागली होती, म्हणून त्याने पीचच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. ते टंकलेले दोन कागद आता लॉरेन्समध्ये काचेआड आहेत. २०१० च्या लिलावात एका माजी विद्यार्थ्याने ते ४३ लाख डॉलरना घेतले. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचा पहिला कोच झाला. त्याने ५५ सामने जिंकले, ६० हरले. जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला त्या विद्यापीठाचा हा एकमेव कोच. आमचा बेंचवरचा फॉरवर्ड त्या काचेसमोर बराच वेळ उभा होता. मला वाटलं नियम वाचतोय. ‘यात बदली खेळाडूचा उल्लेख एकदाच आहे, तोही चालणार नाही म्हणून,’ तो म्हणाला.

न्याहारीला बेगल, म्हणजे कड्यासारखे गोल पाव, घ्या. डझनावारी स्वस्त पडतात, दगडासारखे झाले तरी टिकतात. सोबत क्रीम चीजची एकच डबी घ्यावी आणि ती बेताने वापरावी, कारण त्या पदार्थाला इतिहास आहे. २०१४ च्या आधी एके काळी एनसीएएच्या नियमात कॉलेजने खेळाडूला मधल्या वेळी काय द्यावं हे ठरलेलं होतं: फळं चालतील, दाणे चालतील, बेगलही चालेल. मात्र बेगलला क्रीम चीज लावलं की त्याचं जेवण व्हायचं, आणि जेवण देणं हा नियमभंग. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या संस्थेत कुणीतरी गंभीर चेहऱ्याने, बहुधा टाय लावून, या थराची जाडी ठरवली असणार. मला त्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला फार आवडेल. (आणि त्या बैठकीत चहापानाला काय होतं, हेही.)

मग २०१४ ची फायनल फोर आली. टेक्सासात डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मध्ये आर्लिंग्टनचं भलंमोठं फुटबॉल स्टेडियम आहे, तिथे. कनेक्टिकट विद्यापीठाचा गार्ड शबाझ नेपियर पत्रकारांना सांगून बसला की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. ७ एप्रिलला त्याने केंटकीला ६०-५४ असं हरवून करंडक उचलला, तेव्हा स्टेडियमात जवळजवळ ७९ हजार माणसं होती. साधारण आठवड्याने एनसीएएने खेळाडूंना हवं तितकं खायला द्यायची परवानगी दिली. त्या भागातून जाताना मी ही गोष्ट गाडीत भक्तिभावाने सांगितली. सेंटर म्हणाला, ‘हवं तितकं म्हणजे किती?’ पॉइंट गार्डने डबी स्वतःच्या मांडीवर घेतली.

मोटेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नोंद दोघांची करा, झोपा चौघे. चौघांतल्या सगळ्यात उंच माणसाला खिडकीतून आत घेता येत नाही, तेव्हा काउंटरवर नोंदीला त्यालाच पाठवा.

पैजेपासून सावध राहा. मार्चमध्ये सगळी अमेरिका ब्रॅकेट भरते, म्हणजे ६३ सामन्यांचे विजेते आधीच लिहून ठेवते. नाणं उडवून भरलं तर सगळे बरोबर यायची शक्यता साधारण बाण्णव हजार कोटी कोटींत एक. मित्रमंडळींत पाच-पाच डॉलर काढून ही गंमत कुणीही करावी, खेळाडूने मात्र करू नये. त्या पाच डॉलरपायी खेळण्याची पात्रता जाऊ शकते, डिव्हिजन थ्रीतसुद्धा. खेळातल्या पैशाने चारित्र्य बिघडतं, हे पोरांना लहानपणीच कळलेलं बरं. मी खेळाडू नसल्यामुळे माझं चारित्र्य मोकळं होतं. मी अभ्यास करून, छोट्या संघांवर भरवसा ठेवून ब्रॅकेट भरला. त्या वर्षी नेमके चारही गटांतले अव्वल मानांकित संघ फायनल फोरला पोचले. असं याआधी एकदाच, २००८ मध्ये झालं होतं, तेही सॅन अँटोनियोच्या याच अलामोडोम स्टेडियमात. घरबसल्या सगळीकडे ‘एक, एक, एक, एक’ लिहिणारी माझ्या रूममेटची आजी पैसे घेऊन गेली.

आता तिकीट. शुक्रवारी चारही संघांचा सराव पाहायला डोमची दारं फुकट उघडतात. त्या दिवशी जा, खालच्या रांगेत बसा, फोटो काढा आणि घरच्यांना पाठवताना तारीख लिहू नका. खऱ्या सामन्याचं तिकीट मात्र आधी घ्यायचं नसतं. शनिवारी दोन उपांत्य सामने होतात, म्हणजे रात्रीपर्यंत दोन संघांचे हजारो पाठीराखे अनाथ होतात, आणि त्यांच्या फोनमध्ये सोमवारच्या अंतिम सामन्याची तिकिटं पडून असतात. तेव्हा शनिवारी दाराबाहेर उभं राहून कुणाचं तरी वाटोळं व्हायची प्रार्थना करावी. कुणाचं, याबद्दल आग्रह धरू नये.

त्या रात्री ड्यूक १४ गुणांनी पुढे होतं. तिथून ह्यूस्टनने सामना ७०-६७ असा फिरवला. आम्ही कुंपणाबाहेर एका फोनभोवती चौघे डोकी लावून पाहत होतो आणि, सांगायला लाज वाटते, टाळ्या वाजवत होतो. थोड्या वेळाने ड्यूकचा गडद निळा शर्ट घातलेले एक आजोबा बाहेर आले. सोबत सून, दोन नातवंडं. धाकट्याच्या गालावरचा रंग रडून हनुवटीपर्यंत ओघळला होता. पॉइंट गार्ड पुढे झाला, ‘वाईट झालं, सर’ म्हणाला, आणि एवढं बोलून थांबला. शांत राहायचं त्याला उत्तम जमतं. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ धरला आणि एकेक तिकीट अंगठ्याने दाबून पाठवू लागले. तिसरं जाईना. मोठ्या नातवाने फोन हातातून घेऊन दोन सेकंदांत चारही पाठवली आणि आमच्याकडे न पाहता चालू पडला. किंमत पेट्रोलच्या खर्चाहून जास्त होती, परतीच्या प्रवासात उपाशी राहावं लागणार नाही इतपत कमी होती. आजोबांनी जाताना सेंटरला विचारलं, ‘तू कुठे खेळतोस?’ त्याने कॉलेजचं नाव सांगितलं. ‘अच्छा,’ आजोबा म्हणाले. ती ‘अच्छा’ आम्हाला रविवारभर पुरली. रविवारी पाहण्यासारखं बरंच फुकट होतं, नदीकाठ होता, अलामोचा ऐतिहासिक किल्ला होता. आम्ही गाडीत झोपलो.

सोमवारी जागा सापडायला वीस मिनिटं लागली, कारण ती वर होती. कॉलेजची फायनल फोर भरते फुटबॉलच्या स्टेडियमात, मधोमध एक लाकडी कोर्ट मांडून. साठ हजारांवर माणसं बसतात; कोर्ट मात्र तेवढंच राहतं. उंटावरून शेळ्या हाकायला आमची काही हरकत नव्हती, पण शेळ्या दिसायला तर हव्यात! खाली दहा ठिपके हलत होते. आम्ही छताखालच्या पडद्याकडे पाहू लागलो. हजार मैल गाडी हाकून आम्ही साठ हजार लोकांबरोबर टीव्ही पाहिला. आवाज मात्र खरा होता, बूट घासल्याचाही येतोय असा भास व्हायचा. योगायोग पाहा, त्याच सोमवारी, म्हणजे पुन्हा ७ एप्रिललाच, तिकडे कॅलिफोर्नियात ओकलंडच्या कोर्टात, म्हणजे न्यायाधीश बसतात त्या कोर्टात, कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यावेत या तडजोडीवर सुनावणी चालू होती. जूनमध्ये ती मंजूर झाली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा. डिव्हिजन थ्रीतलं प्रेम अर्थातच निखळ राहिलं.

ह्यूस्टनविरुद्ध फ्लोरिडा बारा गुणांनी मागे पडून परत आलं आणि ६५-६३ झालं. शेवटचा ताबा ह्यूस्टनचा. त्यांचा नेमबाज तीन गुणांसाठी उडाला, समोरून फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन अंगावर झेपावला, आणि याने हवेतच फटका आवरून चेंडू खाली सोडून दिला. चेंडू उसळत राहिला. तो पहिल्यांदा त्यानेच हातात घेतला असता तर ट्रॅव्हलिंगचा नियमभंग, आणि चेंडू दुसऱ्या संघाचा. शेजारच्या माणसाला काही कळेना, तो ‘उचल, उचल’ म्हणून किंचाळत होता. सेंटर किंचाळला नाही. पडद्याकडे न बघता तो खाली, त्या ठिपक्यांकडे पाहत होता. दोन्ही पंजे त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते. ‘नको उचलू,’ तो अगदी हळू म्हणाला, ‘दुसऱ्या कुणीतरी घ्या रे.’ वेळ संपली.

मंगळवारी वर्ग असतातच, त्यामुळे रात्रीच परतीला निघावं. गाडी मित्राने चालवावी. पहाटे चारच्या सुमारास ओक्लाहोमाची हद्द लागली तेव्हा तिघे गाढ झोपले होते, सेंटरचा गुडघा गिअरला टेकलेला. पेट्रोल भरायला थांबलो. फोन वाजला, म्हणून पाहिलं. पैसे मागणारा मेसेज होता, माझ्याच मागच्या सीटवरून आलेला. क्रीम चीज, चौथा हिस्सा, ९३ सेंट.